कॅमेऱ्यावरचं पोतं

आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांची पेटी होती. वडील सभेला जात तिथून पत्रकं आणत आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचता येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. एवढी तयारी झाल्यावर निषेधाला काहीतरी हवं म्हणूनच की काय, मी कॉलेजात असताना आमच्या चौकात सरकारी कॅमेरा आला.

हिंगोली जिल्ह्यातलं आमचं गाव तसं लहान. पण वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या एसट्या इथं थांबतात, आणि स्टँडच्या फाटकाशी माझी आत्या छत्रीखाली पेरू विकायची. कॅमेऱ्याच्या खांबाला सगळ्या चौकात नेमकी तिचीच जागा पसंत पडली. पांढऱ्या बुटांचा ठेकेदार तिला म्हणाला, “मावशी, चार दिवस सरका. खांब उभा झाला की जागा तुमचीच.”

“तोंडी नको,” आत्या म्हणाली. “तुझा कॅमेरा लागू दे, मंग त्याच्यासमोर बोल.”

कॅमेरा लागला. ठेकेदार खुशीत होता. आत्यानं त्याला खांबाखाली उभा केला, चेहरा नीट यावा म्हणून टोपी काढायला लावली, आणि त्यानं वर बघत सांगितलं, “ही जागा मावशीची.” तिला कुणी हसलं नाही. उलट पुढच्याच बाजारी तांड्यावरच्या दोघांनी शेळीचा सौदा तिथंच केला, शेळीसुद्धा कॅमेऱ्याकडे तोंड करून. एका सासऱ्यानं तर जावयाला हाताला धरून आणलं आणि “दारू सोडली” असं वर बघून म्हणायला लावलं. सरकारनं इतका विश्वासू साक्षीदार आमच्या गावाला पहिल्यांदाच दिला होता.

आठ दिवसांनी आत्याला नोटीस आली. तिच्या छत्रीमुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीस अडथळा येत होता. सुरक्षेच्या हितासाठी तिनं मुतारीमागं बसावं. मुतारीमागचा पेरू कोण खाणार, हा प्रश्न सुरक्षेच्या कक्षेत येत नव्हता. पहिल्या दिवशी तिची पाटी भरली तशीच घरी आली, दुसऱ्या दिवशीही.

“पोरी, त्यानं बोललेलं वरल्यानं पाहिलंय,” ती म्हणाली. “त्याचं चित्र काढून आण.”

माहितीचा अधिकार तेव्हा नवा होता आणि मी त्याहून नवी. अर्ज केला. कचेरीनं कळवलं की चित्रण आठवड्यात आपोआप पुसलं जातं. म्हणजे साक्षीदार खरा, फक्त विसराळू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फ्लेक्स बांधणाऱ्याची शिडी मागून घेतली आणि भर दुपारी खांबावर चढले. कॅमेऱ्याच्या डब्यामागून निघालेली वायर खांबाला दोन वेढे घेत होती आणि तिथंच संपत होती. डबा वाजवून पाहिला, रिकाम्या पिंपासारखा वाजला. सगळा चौक इतके दिवस एका डब्यासमोर सज्जनपणे वागत होता.

“आत्या, हे खोटं आहे!” मी वरूनच ओरडले.

“बोंबलू नको. तुझं कोण ऐकल? तू अजून कॉलेजात. हे घे.” तिनं हळदीचं रिकामं पोतं खालून फेकलं. “घाल त्याच्या डोक्यावर. बघत असतील तर येतील पळत.”

पोतं घातलं, सुतळीनं बांधलं. कुणी पळत आलं नाही. चालतही आलं नाही. पिवळं पोतं महिनाभर चौकाकडे पाहत राहिलं. मग मी दुसरा अर्ज केला: या महिन्यात कॅमेरा चालू होता काय? उत्तर शिक्क्यानिशी आलं. “सदर कालावधीत चित्रण अखंडित व सुस्पष्ट असल्याचे ठेकेदाराने प्रमाणित केले असून कार्यालयाने खात्री केली आहे.”

इतकं सुंदर मराठी मला माझ्या जन्मात लिहिता येणार नाही. मी ते जसंच्या तसं पत्रकावर छापलं, वर पोत्याचा फोटो आणि शेजारी एकच ओळ: ज्याला सुस्पष्ट दिसलं त्यानं पोत्याचा रंग सांगावा.

छापखान्यातून गठ्ठा घरी यायला आणि ठेकेदार घरी यायला एकच गाठ पडली. छापखान्यातून कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार; चौकातलं पोतं त्यानं आधीच उतरवून घेतलं होतं. हातात कचेरीचं पत्र होतं, सही-शिक्क्याचं: फेरपाहणीत छत्रीचा अडथळा होत नसल्याचं आढळलं. खांब तोच, छत्री तीच.

“मावशी, जागा तुमची. फक्त हे कागद वाटायचे न्हाईत.”

“न्हाई वाटत,” आत्या म्हणाली. मी मधे बोलले तर तिनं हातानंच गप्प केलं.

तो गेल्यावर मी तिच्याशी तावातावानं भांडले. गावाला फसवलंय, आणि तू जागेसाठी शब्द दिलास? तत्त्व नावाची काही गोष्ट आहे की नाही?

“तुझं तत्त्व घेऊन मुतारीमागं बसून दाखव एक दिवस,” ती म्हणाली. तोवर मी तिच्यासाठी दोन अर्ज लिहिले होते, पण तिथं तासभरसुद्धा बसले नव्हते.

सकाळी ती फाटकाशी जाऊन बसली. मी रागानं उशिरा गेले. छत्रीखाली पाटी, पाटीशेजारी दगडाखाली दाबलेला माझ्या पत्रकांचा गठ्ठा. आत्या पेरूच्या फोडी करायची, तिखट-मीठ लावायची आणि वरचा कागद ओढून त्यावर ठेवायची, छापलेली बाजू खाली.

“आत्या, शब्द दिला होतास!”

“वाटायचे न्हाईत म्हणाला तो. मी काय वाटून राहिले? पेरू इकून राहिले.”

वसमतच्या गाडीच्या खिडक्यांतून माणसं फोडी संपवून कागद उलटा करत होती. एक मास्तर मिठाचे खडे झटकत मोठ्यानं वाचत होते, “अखंडित व सुस्पष्ट...” आणि अख्खी गाडी हसत होती.

चौथ्या दिवशी कचेरीतली माणसं डबा उतरवायला आली. आत्यानं आधी त्यांना जागेचं पत्र दाखवलं, त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मग शिडी टेकवायला छत्री जराशी कलती केली.