लोरेटाने जुळवलेलं पाणी

ग्रिफिथ या कालव्यावरच्या शेतीच्या गावात पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा झाला आणि त्याची खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हा लोरेटा झानेल्लाने कालव्याच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि खाटकाच्या दुकानाशेजारी दलालीची पाटी लावली. ‘‘पाऊस पाडता येत नाही, आणि पाण्यावर कमिशन खाणार!’’ लोक तोंडावर म्हणत. तीही तोंडावरच सांगे, ‘‘मग तूच वीक ना तुझं पाणी. गिऱ्हाईक शोध, भाव ठरव, मंजुरीसाठी हेलपाटे घाल. थकलास की ये.’’

बहुतेक जण यायचे. एकाचं नाव दुसऱ्याला ती कधी सांगत नसे, हेही त्याचं एक कारण होतं.

एका कोरड्या उन्हाळ्यात ओताव्हियो बोर्तोलिन आला. त्याची संत्र्यांची बाग वाळायला लागली होती. बाजारात पाणी जवळजवळ नव्हतंच. होतं ते त्याच्या धाकट्या भावाकडे. रेन्झोने यंदा भात पेरलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या वाट्याचं पाणी तसंच पडून होतं. पण बापाच्या जमिनीची वाटणी झाल्यापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं.

लोरेटाने गाडी थेट रेन्झोच्या दारात उभी केली.

‘‘तुझ्या पाण्याला दोन गिऱ्हाइकं आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘बदामवाली कंपनी जास्त देतेय. दुसरा कमी देतोय.’’

‘‘मग कमीवाल्याचं कशाला सांगतेस?’’

‘‘विकणाऱ्याला सगळे भाव सांगायचे, हेच माझं काम.’’

‘‘कोण आहे?’’

‘‘नाव विचारू नकोस.’’

सुकवलेल्या मांसाची सलामी कापणारी रेन्झोची सुरी थांबली. ‘‘संत्री आहेत त्याची?’’

लोरेटाने त्याने दिलेल्या कॉफीचा घोट घेतला.

‘‘आमच्या म्हाताऱ्याने लावलेली?’’

‘‘कॉफी झकास झालीय, रेन्झो.’’

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘‘त्यालाच दे. पण माझं नाव फुटलं तर तुझं तोंड बघणार नाही.’’

‘‘आजवर कुणाचं फुटलंय?’’

आठवड्याभरात बागेत पाणी खेळलं. सही करताना ओताव्हियो चक्रावला होता. ‘‘माझ्या इतक्या कमी भावाला हो म्हणाला? विकणारा खुळा आहे की काय?’’

‘‘महाग हवंय? तसं सांगते त्याला.’’

‘‘नको, नको बाई!’’

हिवाळ्यात त्याने संत्र्यांची पेटी आणून ठेवली. ‘‘त्या खुळ्याला दे.’’

रेन्झोने उभ्या उभ्याच एक सोललं आणि अख्खं संपवलं. ‘‘साल जाड आहे. खत चुकतंय म्हणावं.’’

लोरेटाने निरोप जसाच्या तसा पोचवला. ओताव्हियो उसळला, ‘‘खतातलं त्याला काय कळतंय! जन्मभर भात लावणारा माणूस!’’

‘‘भात लावतो, असं मी कुठे म्हटलं?’’

ओताव्हियोने टोपी काढली, परत घातली. ‘‘स्वतः येऊन बघ म्हणावं बाग.’’

‘‘हे माझ्या धंद्यात बसत नाही. फोन तू कर.’’

त्याने तिच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि रेन्झोचा नंबर फिरवला. पहिली काही मिनिटं खतावरून नुसती जुंपली. लोरेटा दार ओढून घेऊन बाहेर आली आणि रस्त्यात एका द्राक्षवाल्याशी भाव बोलत उभी राहिली. फोन ठेवल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.