कुत्र्याचं जॅकेट

कुत्रा जिवंत आहे, हे आधीच सांगते. नाहीतर वाचणारा उगाच जीव मुठीत धरून बसायचा.

आमचा कुत्रा वासराएवढा. पाणी दिसलं की उडी. मुलगा खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायला जातो तेव्हा हा होडीच्या पुढच्या टोकावर बसतो, आणि जाळं ओढायला घेतलं की पाण्यात. इतकी वर्षं असंच चाललं. गेल्या वर्षी त्याचे मागचे पाय थकले. एकदा ओहोटीच्या ओढीला लागला, तेव्हा मुलाने मानेच्या कातडीला धरून कसाबसा वर घेतला. घरी येऊन म्हणाला, "आये, आता याला दारात बांध. माझ्या डोळ्यांदेखत बुडायला नको."

बांधला. तीन दिवस अन्नाला शिवला नाही. बंदराकडे तोंड करून पडून राहिला. बुडून मेला काय आणि असा मेला काय, मला एकच. म्हणून जॅकेट.

होडीत माणसांसाठी तरंगायची केशरी जॅकेटं होती. आमच्यात ती कोणी घालत नाही, बसायला खाली घेतात. त्यातलं एक मी त्याच्या पुढच्या पायांत अडकवलं, पट्टे आवळले आणि धक्क्यापाशी कमरेएवढ्या पाण्यात सोडला. कुत्रा उलटा झाला. पोट वर, पाय आभाळाकडे, नाक पाण्यात. मी लुगड्यासकट आत शिरले आणि त्याला सुलटा केला. माणसाच्या जॅकेटात तरंगणारा भाग छातीवर असतो. कुत्र्याची छाती खाली. जन्मभर जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगायला बोये बांधले, खालच्या दोरीला बुडायला शिसं, आणि एवढं मला सुचलं नाही.

धक्क्यावर मासळी निवडणारी शेजारीण हसून हसून आडवी झाली. "पोरांना कधी घातलंस न्हाय, आता कुत्र्याला शालू व्हय गं?"

"पोरं ऐकत न्हाईत. ह्यो ऐकतो," मी म्हटलं.

सुनेने मोबाईलवर कुत्र्यांचीच जॅकेटं काढून दाखवली. तिला निळं आवडलं. मी विचारलं, "पाण्यात निळं दिसणार कुणाला?" एकाला पाठीवर माशाचे पंख होते, ते नको म्हटलं. मला पाठीवर आणि कुशींना जाड फोम हवा होता, पोटाखाली रुंद पट्टा, आणि वर धरायला मूठ.

"लार्ज घेऊया, आई. मोठाच आहे तो."

मी जाळ्याची दोरी त्याच्या छातीभोवती फिरवली, गाठ मारली आणि तिला मोजायला दिली. लार्ज चार बोटं कमी पडत होतं. त्याहून मोठं, पिवळंजर्द मागवलं.

ते घालून तो पहिल्यांदा होडीत चढला त्या दिवशी मीही जाऊन बसले. जाळं ओढायला घेतलं, त्याने उडी टाकली, आणि ओहोटीने त्याला ओढलं. थोड्या वेळाने त्याचे पाय थांबले. पण डोकं वर होतं. पाठ वर होती. बोयासारखा तरंगत लांब चालला होता, एवढंच. मुलाने जाळं सोडून होडी वळवली, मुठीला धरला आणि पोत्यासारखा आत घेतला. कुत्र्याने अंग झाडून आम्हा दोघांना भिजवलं.

मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून फळीवर बसून राहिले, जाळ्याला हातही लावला नाही. मुलगा पुन्हा जाळं ओढायला लागला. सगळं जाळं वर आल्यावर म्हणाला, "उद्या तू येऊ नको, आये. ह्याला पाठव."