एका छिद्राचा आग्रह

माणसाच्या देहावर कमीत कमी घाव घालणं हे शल्यशास्त्राचं सर्वोच्च ध्येय आहे. हे वाक्य मी मेहकरच्या एका दवाखान्यातल्या बाकावर बसून उच्चारलं. शेजारी माझा मेहुणा पोट धरून वाकडा झाला होता.

अपेंडिक्सला सूज होती. डॉक्टर दुर्बिणीतून ते त्याच दुपारी काढणार होते: बेंबीत एक सेंटिमीटरचं छिद्र, खाली अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरची दोन. मी मात्र तासाभरापूर्वीच मोबाइलवर वाचलं होतं, की हल्ली हे काम बेंबीतल्या एकाच छिद्रातून होतं आणि व्रण दिसतसुद्धा नाही. तसं मी ऐकवलं.

"होतं ना," डॉक्टर म्हणाले. "मी तीननं करतो, माझा हात त्यावर बसलाय. पद्धत कोणतीही घ्या, फक्त वेळ घालवू नका."

माझ्या सासरी जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्यात मी कॉलेजात शिकवतो. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमी म्हनान तसं."

"भाऊजी, एक भोक पाडा का चार पाडा, पन आता पाडा," मेहुणा कण्हला. "मले बसवत नाई."

मी अकोल्याचे एकछिद्रवाले सर्जन शोधले. वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली, म्हणून त्याला जानेफळला घरी परत नेलं. संध्याकाळी दुखणं एकाएकी थांबलं. मी त्याचंही श्रेय घेतलं.

अपेंडिक्स फुटलं होतं.

सकाळी अंगात ताप आणि पोट फळीसारखं. अकोल्याच्या सर्जननी ते दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुर्बीण बाजूला ठेवून पोट सरळ उघडलं. बारा दिवस तो तिथं पडून होता.

गावी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई सांगत, "जावईबापूनं अकोल्याले नेलं म्हनून, नाईतं पोरगं हातचं गेलं असतं." मी चहाच्या कपात बघत राहायचो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. एरवी मला वाक्यं सुचतात.

शेजारच्या काकांनी विचारलं, "किती भोकं पाडले रे?"

मेहुण्यानं सदरा वर केला. "एकच. भाऊजी म्हनले तसं." मग माझ्याकडे बघत सदरा खाली घेतला. "जरासं लांबलं."

घाव वीतभर होता. मेहकरची तिन्ही छिद्रं मिळून दोन सेंटिमीटर भरली असती.