गोजरबाईच्या गवऱ्या

पोरांनो, उपरा कुणाला म्हणतात ठाऊक आहे का? आपल्या मागून गावात आला तो उपरा. आपण कुणाच्या मागून आलो, ते मात्र विचारायचं नसतं.

ही हकिकत शेळगावाजवळच्या आमच्या गावाची. नाव सांगत नाही, गाव भांडखोर आहे. कालव्याला पाणी आलं तेव्हा आमच्या शहाण्या वाडवडलांनी ठरवलं, पाटाच्या पाण्यानं जमीन नासते. मग पुरंदरकडून माळ्यांची कुटुंबं आली, त्यांना रानं वर्षाच्या खंडानं कसायला देऊन आमची मंडळी पारावर बसून हसायला मोकळी झाली. सासवडकडचा कुंडलिक आणि त्याची बायको गोजरबाई त्यांतलीच. दोघांनी हरळी खणली, बांध घातले, ऊस लावला. ऊस डोक्यावर गेला तशी मालकाला आपल्या जमिनीची आठवण झाली, आणि त्यानं रान काढून घेतलं. कुंडलिकानं दुसरं, त्याहून खडकाळ रान धरलं आणि परत हरळी खणायला लागला.

गावात काही हरवलं की पहिली झडती उपऱ्यांच्या खोपटांची. मानसिंगाच्या घरची तांब्याची घागर गेली तेव्हा गोजरबाईचं जातंसुद्धा उचलून बघितलं. जात्याखाली घागर मावत नाही, पण झडती म्हणजे झडती. पुढं ती घागर मानसिंगाच्याच कडब्यात निघाली. चुकलं म्हणायला कुणी आलं नाही.

कुंडलिक तापानं गेला तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळेना. गाव म्हणे रानात गेलं होतं. भर वैशाखात रानात काय होतं, देव जाणे. शेवटी चौथा खांदा गोजरबाईनं स्वतः दिला. बाईमाणसानं खांदा दिला म्हणून बोल लावायला मात्र अख्खं गाव हजर झालं.

त्या दिवसापासून गोजरबाईनं एकच ध्यास घेतला. होळीला आपल्या गवऱ्या चोरीला जाव्यात.

हसू नका. होळीसाठी लाकडं-गवऱ्या चोरायच्या, ही आमच्याकडची रीत. दिवस मावळायला पोरं घरोघरी हात मारतात. ज्याचं गेलं त्यानं दारात उभं राहून पोरांच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि मग होळीला जाऊन आपल्याच गवऱ्या जळताना बघायच्या. गेलेलं मागायचं नाही, कुणाचं ते विचारायचं नाही. चोरी आपल्या माणसाकडंच करायची. उपऱ्यांच्या घरी झडतीला जायचं, चोरीला जायचं नाही.

गोजरबाई वर्षभर शेण थापायची. होळीच्या दिवशी गवऱ्यांचा हुडवा वाटेच्या कडेला रचायची, कुत्रं बांधून घालायची आणि घरात जाऊन कान देऊन बसायची. पोरं वाकडी वाट करून जायची. दुसऱ्या दिवशी हुडवा जागच्या जागी. असली इमानदारी बघून माणसाला रडू येईल. तिलाही यायचं.

मग गावाजवळच साखर कारखाना उभा राहायला लागला, आणि मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, दुष्काळानं पिटाळलेली माणसं कामाला आली. कालव्याच्या कडेला त्यांनी पालं ठोकली. गावाला नवे उपरे मिळाले.

त्याच वर्षी होळीला गोजरबाईचा हुडवा अर्धा झाला!

बाई दारात आली. इतक्या वर्षांच्या साठवलेल्या शिव्या एकदम बाहेर पडल्या. "मुडद्यांनो, हात झडले तुमचे! तुमच्या आयांनी तुमाला उकिरड्यावर जन्म दिला का रं?" शिव्या देत होती आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. पोरं खूश.

तेवढ्यात हिंदुराव आला. गावात त्याच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. "गोजरकाकू, आता तुमी गावच्या झाला. मीच पोरांस्नी सांगितलं, काकूकडं हात मारा म्हणून."

"बरं केलं बाबा."

"फकस्त एक करा. ती मोगलाईची माणसं तुमच्या पाटावर पाणी भरत्यात. त्यांस्नी हाकला. आन होळीला त्यांतलं कुणी फिरकाया नको. आपल्या गावची होळी हाय."

गोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "व्हय, आपल्या गावची," म्हणाली आणि चालू लागली. हिंदुरावाला वाटलं, हाकलायला निघाली.

ती सरळ पालांकडं गेली. पहिल्याच पालापाशी भागूबाई नावाची बाई भाकरी थापत होती. गोजरबाईनं तिच्या देखत दोन गवऱ्या उचलल्या, काखेत मारल्या आणि वळली. भागूबाई पिठाच्या हातानं मागं धावली. तिच्या मुलखाच्या शिव्या आमच्याकडं कुणी ऐकल्या नव्हत्या. अशी वरात थेट होळीपर्यंत आली.

हिंदुराव पुढं झाला. "ह्या कुणाच्या गवऱ्या?"

"चोरीच्या हायत," गोजरबाई म्हणाली आणि दोन्ही जाळात टाकल्या.

हिंदुराव दोन पावलं मागं सरला. रीत त्याच्याच बापजाद्यांची होती.

माझी आत्या रंगूबाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "शिव्या झ्याक देती की गं ही," आणि सरकून तिनं जागा केली.

भागूबाईचा दम काही संपेना. "एवढं अख्खं गाव पडलंय, आन तुला माज्याच गवऱ्या दिसल्या? आमी परमुलखाची म्हून?"

"परक्याच्या कशाला चोरू?" गोजरबाई म्हणाली. "मी काय चोर हाय?"

भागूबाईनं आणखी एक शिवी दिली. मग हाताचं पीठ लुगड्याला पुसलं आणि आपल्या गवऱ्या जळताना बघत उभी राहिली.