कांदा चाळीत रेकॉर्ड केलेली गाणी

शिरूरात 'आमचा पंक बँड आहे' असं सांगितलं की समोरचा विचारायचा, "म्हंजी लग्नाला वाजवता का?" आम्ही लग्नाला वाजवत नव्हतो, आणि याचाच मला माज होता. पंक म्हणजे तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि घसा बसेस्तोवर ओरडणं. गाणी मी लिहायचो: डेपोत कधीच वेळेवर न लागणारी एसटी, मार्केट यार्डातली गुर्मी, पाटसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाणं. शब्द माझे, गिटार माझी. ड्रम माझा चुलतभाऊ बडवायचा. गायक दौंडचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला, कॉलेजपासूनचा माझा जिवलग. तो रविवारी मोटरसायकल काढून न्हावऱ्यावरून यायचा आणि आमच्या मळ्यातल्या रिकाम्या कांदा चाळीत लॅपटॉप मांडून आम्ही रेकॉर्डिंग करायचो.

अडचण एकच होती. चाळीला लागून विहीर, आणि विहिरीवरच्या मोटरला ऑटो स्विच. शेतीची लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची आणि प्रत्येक गाण्यामागे तिची घूंऽऽ लागायची. बंद करावी तर वडील चाळीच्या दारात उभे. "आन् उसाला काय तुमचं गाणं पाजू का?"

अशात चुलतभावानं तळेगाव ढमढेऱ्याचा एक जण आणला. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा. लग्नसराई संपल्यामुळे मोकळा होता. गोधडीत गुंडाळलेला कीबोर्ड घेऊन आला, चपला बाहेर काढून चाळीत बसला. मोटर सुरू झाली तसे आम्ही तिघं शिव्या घालत थांबलो. हा कान देऊन ऐकत राहिला.

"दादा," तो मला म्हणाला, "मोटर पांढरी पाचमधी बोलतीय. आपुन बी तिथंच धरू की."

पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी. त्यानं ती दाबून धरली आणि मोटरचा त्रास संपला. ती गाण्यातच जाऊन बसली. मग त्या सुरावर त्यानं एक छोटी चाल वाजवली, पुन्हा वाजवली, आणि आमचा गायक, जो आजवर फक्त बोंबलत आला होता, तो माझे शब्द चक्क गायला. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत त्याचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझ्यामुळे निघाला नव्हता.

"अरे, ही तर न्यू वेव्ह झाली!" गायक नाचायलाच लागला.

न्यू वेव्ह म्हणजे पंकचंच धाकटं भावंड. संताप तोच, पण कीबोर्ड, मधे मोकळी जागा आणि पाय हलवणारी लय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. असली परदेशी गाणी माझ्या मोबाइलमध्ये ठासून भरली होती, त्या कीबोर्डवाल्याच्या मोबाइलमध्ये हळदीची. तरी न्यू वेव्ह आली ती त्याच्या हातून. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

पुढं पुढं गायक दौंडहून थेट माझ्याकडे येईना. वाट वाकडी करून आधी तळेगावला जायचा, आणि दोघं एकाच गाडीवरून हसत खिदळत चाळीत उतरायचे. चाल वाटेतच ठरलेली असायची. गिटार फक्त शेवटी घेऊ, असंही एकदा ठरलेलं होतं.

"मग तोवर मी काय कांदे निवडू?" मी विचारलं.

"तसं न्हाई रे," गायक म्हणाला. "तू ऐक तर आधी."

ऐकलं. चांगलं होतं, हेच तर दुखणं. सगळी रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपमध्ये होती. गायक म्हणायचा, टाकू यार नेटवर. मी म्हणायचो, मिक्सिंग राहिलंय. मिक्सिंग कधीच झालं होतं. पण गाणी बाहेर गेली असती तर लोकांनी कौतुक त्या बेंजोवाल्याचं केलं असतं, आणि ते बघण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही. शेवटी गायकानं विचारणं सोडलं आणि रविवारही हळूहळू बंद पडले.

मग माझं लग्न ठरलं, मुलगी दौंडची. वाजवायची सुपारी चुलत्यांनी परस्पर देऊन टाकली, आणि कुणाला, तर त्याच बेंजो पार्टीला. परण्या निघाला. आमच्याकडे नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात आणि देऊळ येईपर्यंत त्यानं खाली उतरायचं नसतं. टेम्पोवर तो बेंजोवाला कीबोर्ड घेऊन उभा होता. मला बघून त्यानं मान लववली आणि चाळीतली ती चाल सुरू केली. बेंजोत शब्द नसतात, त्यामुळे माझं त्यात काहीच उरलं नव्हतं. मावशा नाचल्या, भाऊबंद नाचले, उसाला पाणी पाजणारे माझे वडील दोन्ही हात वर करून नाचले. घोड्यापुढे सगळ्यात जास्त नाचला तो माझा गायक, टेम्पोकडे तोंड करून. मी वर बसून मुंडावळ्यांच्या आड जळत होतो आणि फोटोवाला ओरडत होता, "नवरदेव, जरा हसा की!"

लग्नानंतर काही दिवसांनी बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "परण्याला वाजली ती चाल तुमची हाय म्हणं."

"कोण म्हणालं?"

"माझ्या भावानं बेंजोवाल्याला इचारलं, त्याच्या लग्नात लावायचीय म्हणून. तर तो म्हणला, नवरदेवाची हाय, त्यांनाच इचारा. आमच्यात ज्याची जागा, ज्याची बैठक, चाल त्याची. आमी फक्त वाजवनारं." ती माझ्याकडे बघत होती. "माहेरी सगळी म्हणत्यात, पोरीनं कलाकार नवरा केला. मला नीट ऐकवा ना."

त्या माणसाचा इतका राग मला कधीच आला नव्हता. चोरली असती तर भांडलो असतो. त्यानं ती माझ्या पदरात टाकली होती, आणि बायकोच्या डोळ्यांतलं ते कौतुक, लग्नातलं पहिलंच, मुळात त्याचं होतं.

मी लॅपटॉप उघडला. कुणालाही न ऐकवलेलं ते गाणं लावलं. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकू लागली, मांडीवर बोटानं ताल धरत. चाल आली, गायकाचा आवाज आला, तिनं डोळे मिटले. मग शेवटी माझी गिटार आली, तसे तिनं डोळे उघडले.

"एवढं गोड चाललंय, आन् हे मधीच खरखर काय वाजतंय हो?"

"तो मी आहे," मी म्हणालो.

ती खळखळून हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.