गावं दाबून भरायची नोकरी

बाबा गेल्याला सात महिने झाले होते आणि मी अजून रडलो नव्हतो. यात शौर्य काही नाही. सगळे रडत होते तेव्हा मंडपवाल्याशी कोणीतरी बोलायला हवं होतं, ते मी बोलत होतो. नंतर वेळ निघून गेली. त्यानंतर मला विशेष काही वाटेनासंच झालं. भूक लागायची, चहा गोड की अगोड ते कळायचं, बाकी सगळं पलीकडच्या घरात चाललंय असं.

रायपूरच्या सदर बाजारात एका सोनाराच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मी शिकवायचो. हैदराबादच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, फोटो कमी जागेत साठवण्याच्या कामाची. उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. त्याच आठवड्यात शहराबाहेर वसवलेल्या 'नवा रायपूर'मधल्या एका नव्या संशोधन केंद्राची जाहिरात आली: डेटा कॉम्प्रेशन, जागा एक. या कामाच्या जागा बंगळूर-हैदराबादेत निघतात, रायपुरात निघेल असं मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. ही मिळाली तर चौबे कॉलोनीतल्या घरात आईजवळ राहता येणार होतं. नाही तर ती एकटी आणि मी हैदराबादेत. तिला सोबत नेण्याचा विषय मी एकदा काढला होता. 'मी कुठंच नाही येत,' म्हणून ती मेथी निवडायला बसली, तिथेच तो विषय संपला.

काम काय असतं, हे तिला समजावून सांगितलं. तीच माहिती कमी जागेत बसवायची आणि उघडली की जशीच्या तशी बाहेर काढायची.

"म्हणजे थोड्या जागेत लई भरायचं," आई म्हणाली. "मी रेल्वे क्वार्टरमध्ये तीस वर्ष तेच केलं. मले तर कोणी नोकरी नाही दिली."

केंद्राने प्रत्येक उमेदवाराला एक फाइल पाठवली. एका तहसिलीतल्या धान खरेदीच्या पावत्या: शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, ओलावा. खेड्यातल्या सोसायट्यांमधून हे सगळं रोज रायपुरात यायचं आणि तिथलं इंटरनेट बैलगाडीच्या चालीचं, म्हणून ते दाबून पाठवायचं होतं. ज्याची फाइल सगळ्यात लहान, त्याला आधी बोलावणार.

गावांचा रकाना बघून मी खूश झालो. जवळपास प्रत्येक नावाच्या शेवटी 'पारा'. आमच्याकडे पारा म्हणजे मोहल्ला, वस्ती. तोच शब्द हजारो वेळा कशाला साठवायचा? मी तो सगळीकडून काढून टाकला आणि उघडताना प्रोग्रामने तो परत जोडावा, अशी सोय केली. मूळ फाइलशी ताडून पाहिलं तर काही ओळी जुळेनात. त्या गावांना मुळातच पारा नव्हता.

इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी रायपुरात जन्मलेला. पाऱ्याशिवाय गाव असतं का, पावत्या भरणाऱ्या पोट्ट्यानं आळस केला असेल, असं मी ठरवलं. प्रोग्राम नुसता दाबत नाही, चुकाही सुधारतो, म्हणून उलट स्वतःवर खूश झालो. अर्जात ते लिहिलं नाही, मुलाखतीत अवचित सांगून प्रभाव पाडायचा विचार होता.

हैदराबादच्या मुदतीच्या पंधराव्या दिवशीच मुलाखत होती. केंद्राच्या प्रमुख बाई बाहेरून आलेल्या, संथ बोलणाऱ्या. शेजारी धान खरेदी विभागातले एक वयस्क साहेब, नियमाप्रमाणे बसवलेले. माझी फाइल सगळ्यात लहान निघाली होती. बाई दोनदा 'अच्छा' म्हणाल्या. मी मनातल्या मनात आईला फोन केला.

मग साहेबांनी सहज म्हटलं, ही तहसील आमचीच, माझ्या भावाच्या नावाची पावती काढून दाखवा. मी काढली. ते चष्मा वर करून पडद्याजवळ आले.

"हमारे गाँव के नाम में पारा नहीं है, भैया."

इथे सॉरी म्हणायचं असतं. मी म्हणालो, "लिखना रह गया होगा, सर. मैंने ठीक कर दिया."

"हव," साहेब म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. हव म्हणजे हो. पण असा हो मी त्याआधी ऐकला नव्हता. तिथूनच ते म्हणाले, "पारा वाला गाँव अलग है. नाले के उस पार. मेरे भाई का धान आपने उनको दे दिया."

बाईंनी मूळ फाइल उघडून किती ओळी बदलल्यात ते पाहिलं. रागावल्या नाहीत. जे आत गेलं तेच बाहेर यायला हवं, एवढंच त्यांनी मला सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगावं तसं. मीही मान डोलावली, जणू ही माहिती मला नवी होती. मग त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

बाहेर एवढा रुंद रस्ता, आणि त्यावर मी. बसला वेळ होता. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं, हे समजत होतं. औषध घ्यायची वेळ झाल्याचं समजतं तसं. मी उन्हात उभा राहून तिकिटाचे सुटे तेवढे काढून ठेवले.

घरी आईला सगळं सांगितलं, साहेबांच्या आवाजासकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "असं काहून केलं? इचारायचं होतं ना कोणाले, असं गाव आहे का म्हणून."

मी म्हटलं, विचारायचं सुचलंच नाही.

"मग आता हैदराबादले कळवायचं आजच आहे ना?"

"हो."

"तर मग लिह."

मी लिहिलं. तिथे फोटो दाबायचे होते. फोटोत थोडं हरवलं तरी चालतं, बघणाऱ्याला कळत नाही. माझ्यासारख्याला ते बरं. पाठवून झाल्यावर मी मागे वळलो तर आई आतल्या खोलीतून पलंग ओढत होती. एकटीनेच, एक पाय उंबऱ्यात अडकलेला.

मी विचारलं, हे काय करून राहिली?

"आतून दाराची बेल नाही ऐकू येत मले," ती म्हणाली. "आतापर्यंत तू उघडत होता. हॉलमध्ये झोपीन आता."

मी पलंगाची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो खिडकीखाली नेला. ती म्हणाली, थोडा इकडे. मी थोडा इकडे घेतला.