सिंधूची वाट बघताना

वाट बघणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखं लय साठतं. मी निफाडकडचा, द्राक्षबागेत राबलेला माणूस. पुढं नाशिकला एका चर्चच्या आवारात माळी लागलो. खिडकीखाली खुरपता खुरपता आतलं ऐकत गेलो आणि पंधरा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. बायको सिंधू मात्र होती तिथंच, तिच्या देव्हाऱ्यापाशीच आहे. तिनंही प्रभूला मानावं, मेल्यावर आमची ताटातूट होऊ नये, एवढंच मला पाहिजे. शाळेत मी गेलो नाही. मी बोलतोय आणि आमचे पास्टर मोबाईलवर लिहून घेतायत.

* * *

सिंधू चौथी शिकलेली. मला वाचता येत नाही, म्हणून रोज चहा झाला की तीच मला शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचून दाखवते. दोनदा सगळं संपलं, आता तिसऱ्यांदा चालू आहे.

पास्टरांना आशा वाटली. "काकू, इतकं वाचलंत. मग काय वाटतं?"

"चांगलंय की. पण यांच्या ध्यानात काय राहत नाय, म्हणून पुन्हा वाचते."

पास्टर माझ्याकडं बघायला लागले. मी चपला शोधायला लागलो.

* * *

बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायचं, त्याला आम्ही कॉटेज मीटिंग म्हणतो. आमच्याकडं मीटिंग असली की सिंधू स्वयंपाकघरात चहा करते, बाहेर येत नाही.

एकदा पास्टर रंगात येऊन सांगत होते, प्रभूनं सात भाकरींत पाच हजार माणसं कशी जेवू घातली. आतून आवाज आला, "पास्टर, पाच भाकरी. सात त्या दुसऱ्या टायमाच्या, चार हजार माणसं होती तेव्हाच्या."

पास्टरांनी चष्मा लावून पानं उलटली. तिचं बरोबर होतं.

मग प्रार्थना झाली. पास्टर म्हणाले, "हे प्रभू, सिंधूकाकूंना तुझं वचन कळू दे." आम्ही सगळे आमेन म्हणालो. आतून चहा आला.

* * *

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या शांताबाई रिटायर नर्स आहेत. त्यांना माझा सावकाशपणा बघवत नाही. म्हणाल्या, "काका, नुसतं बसून काय होतंय? बायकोसाठी उपास धरा."

धरला. सकाळी सिंधूनं ताट वाढलं. मी म्हणालो, आज नको. ती बरं म्हणाली आणि भाकरी झाकून ठेवली. पण माझ्याआधी ती कधी जेवत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारी बघतो तर तिचे हात थरथरायला लागलेले. तिला शुगर आहे. घाईघाईनं दोघांची पानं मीच वाढली. पहिला घास मी घेतला, मग तिनं.

थोडी हुशारी आल्यावर तिनं विचारलं, "उपास कशाचा होता?"

"तुझ्यासाठी धरला होता."

"मंग सोडला कोणासाठी?"

शांताबाईंना अजून सांगितलेलं नाही.

* * *

गेल्या वर्षी माझी बायपास झाली. तेव्हापासून मनात एकच. चर्चच्या दफनभूमीत माझ्याशेजारी तिला जागा मिळेल का, म्हणून कमिटीला विचारलं. ते म्हणाले, "काका, नियम आहे. मंडळीतलं माणूस पाहिजे."

घरी येऊन तिला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"सिन्नरच्या स्टँडवर आपली चुकामूक झाली होती, आठवतंय का?"

"हो."

"तुम्ही तिथं बाकावर बसून राहिलात. शोधलं कोणी?"

"तू."

"मंग?" म्हणाली आणि काड्या उचलायला लागली.

यावर कमिटीला काय सांगायचं, ते मला समजलं नाही. पास्टरांना विचारलं, त्यांनाही समजलं नाही.

* * *

या थंडीत माझा घसा पार बसला. सकाळी ती देव्हाऱ्यात दिवा लावते आणि मी खाटेवर बसून मोठ्यानं प्रार्थना करतो. एकाच खोलीत दोघांचं दोन बाजूंना चाललेलं असतं. त्या दिवशी तोंडातून नुसती हवा निघाली. दोनदा खाकरलो, तिसऱ्यांदा गप्प बसलो.

तिनं दिवा लावला, हात जोडले. मग खाटेजवळ आली, आमच्या चर्चमधल्या बायका प्रार्थनेला घेतात तसा डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले.

"देवा, यांचा घसा बसलाय, म्हणून मी सांगते. यांचं रोजचंच हाय. सिंधूला विश्वास दे म्हणतात. तिला उशीर होऊ देऊ नको म्हणतात. तेवढं बघ."

मला वाटलं संपलं.

"आणि यांना जरा धीर दे. आमेन."

मी बघतच राहिलो. तिनं एक डोळा उघडला.

"अहो, आवाज नाय तर मान तरी हलवा."

मी हलवली.